कोंडाण्याचा मुराळी आणि दोन बोटांचा गजा

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या भिवाजीला कुणी धंदा विचारला तर तो "शेती" म्हणायचा, आणि समोरच्याने नुसती मान डोलावली की त्याला राग यायचा. शेती काय, सगळेच करतात. भिवाजी मुराळी होता. सासरी नांदणाऱ्या मुलीला सणासुदीला माहेरी आणायला जो माणूस जातो तो मुराळी. बहुतेक घरांत हे काम मुलीचा भाऊ करतो. बाप सहसा जात नाही, कारण लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी तिकडची रीत. पण कोंडाण्यात भावांना काही किंमत उरली नव्हती. भाऊ गेला तर बहीण येईलच असा भरवसा नसायचा, भिवाजी गेला की यायचीच. तीस वर्षं गावातल्या लेकी त्याच्या मागून चालत दिवाळीला घरी आल्या होत्या, आणि याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या भाताचा कधी वाटला नाही. भातही फारसं अभिमान वाटण्यासारखं नसायचं म्हणा.

ही विद्या काही त्याला जन्मतः आली नव्हती. सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा चौक गावी थोरल्या बहिणीला आणायला निघाला, तो पळसदरीच्या पुढे वाट चुकून भलत्याच खोऱ्यात शिरला आणि दिवेलागणीला चौकला पोचला. बहिणीची सासू म्हणाली, सकाळी बघू. सकाळी तिने त्याच्याकडून लाकडाच्या दोन मोळ्या आणवल्या, दुपारी एक भोपळा हातात दिला आणि वाटेला लावलं. बहिणीऐवजी भोपळा घेऊन आलेला मुराळी म्हणून गाव वर्षभर हसलं. घरी भोपळ्याची भाजी झाली ती त्याच्या घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या वर्षी तो वाट चुकला नाही. तिसऱ्या वर्षी त्याला कळलं की सासूच्या घरी पोचायची वेळ असते. चुलीवर भात चढलेला हवा, पण पानं वाढलेली नसावीत. म्हणजे त्यांना जेवा म्हणावंच लागतं, आणि जेवलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं जरा जड जातं. पाचव्या वर्षापर्यंत त्याला हेही कळलं की आल्याआल्या नातवाचं कौतुक करायचं नाही, म्हशीचं करायचं. नातवाचं सगळेच करतात. आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात मोठी युक्ती त्याला तिशी उलटल्यावर सापडली. जेवून झाल्यावर सुपारी कातरत, दुसरीकडे बघत सासूलाच विचारायचं, "आत्याबाय, तुमी म्हायेरी कवा गेला व्हता?"

बाई थांबायची. मोजायची. मोजता मोजता डोळ्याला पदर लावायची, आणि मग सुनेला म्हणायची, "जा गं, बांध तुजं गठुडं." भिवाजी सुपारी तोंडात टाकायचा आणि उठायचा. अशा किती सासवांना त्याने रडवलं याचा आकडा तो आनंदाने सांगायचा. तो बत्तीस होता.

आता असा माणूस आपली एकुलती लेक द्यायला घर निवडतो तेव्हा ते कसं निवडेल? भिवाजीने जेवणावरून निवडलं. खालापूरच्या चंद्राबाईच्या थोरल्या सुनेला आणायला तो एकदा गेला होता. तिथली तांदळाची भाकरी इतकी पातळ होती, आणि तिच्यावर वाढलेलं वालाचं बिरडं असं होतं, की कर्जतपर्यंत परतताना तो दुसऱ्या कशाबद्दल बोलला नाही. जिथे अशी भाकरी थापतात तिथे पोरगी सुखात राहणार, असा त्याने हिशोब केला आणि त्रेचाळीस सालच्या वैशाखात सुंदराला चंद्राबाईच्या धाकट्या मुलाला देऊन टाकली. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. त्याच जेवणानंतर त्याने चंद्राबाईला माहेरचा प्रश्न विचारून रडवलं होतं. चार माणसांदेखत रडलेली चंद्राबाई सून गेल्यावर भानावर आली आणि तिने मनाशी ठरवलं की या माणसाच्या हाती या घरातून पुन्हा कुणी जाणार नाही.

मग दिवाळसण आला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक-जावयाला बोलवायचं असतं. भिवाजीची बायको भागूबाई हिने युद्धाच्या टंचाईत कार्डावरची साखर तीन महिने साठवून करंज्या केल्या. चंद्राबाईने निरोप पाठवला, दिवाळसण जावयाचा असतो, जावई येतोय. आणि खरंच एकटा जावई आला. चार दिवस राहिला, डबाभर करंज्या खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणाला आणि गेला. तो बिचारा सरळ मुलगा होता, आईने जा म्हटलं म्हणून आला होता. भागूबाईने रिकामा डबा घासला आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याच हिवाळ्यात भिवाजीच्या शेतात ते पाखरू उतरलं.

कोंडाण्याच्या खाली, नदीकाठच्या कापलेल्या भातखाचरांत दर वर्षी थंडीत मोठी पांढरी पाखरं यायची. बगळ्यासारखी, पण बगळ्याच्या दुप्पट उंच. पंखांच्या कडा काळ्या, पाय आणि चोच तांबडी. गावात त्यांना वेगळं नाव नव्हतं, पावणे म्हणायचे. बांधावरचे खेकडे, बेडूक, नाकतोडे खात हे पावणे शिमग्यापर्यंत राहायचे आणि एक दिवस निघून जायचे. गावच्या शाळेतले गोपाळकृष्ण मास्तर कर्जतच्या जुन्या शिकल्यासवरल्या घरातले. त्यांच्याकडे इंग्रजी मासिकं यायची. त्यांनी सांगितलं होतं की ही पाखरं हिमालयाच्याही पलीकडून येतात. भिवाजीला हे ऐकून पाखरांबद्दल एकदम आदर वाटला. इतक्या लांबची वाट दर साल धरायची आणि दर साल पोचायचं, म्हणजे धंद्यातलीच मंडळी.

त्या वर्षी सगळे पावणे कार्तिकात आले, आणि संक्रांत उलटून गेल्यावर एकटाच एक आला. वाळलेला, पिसं विस्कटलेली, चोचीचं टोक अजून काळपट. "पोर हाय," भिवाजी म्हणाला. खाचरातल्या ओल्या चिखलात त्याच्या पावलांचे ठसे उमटले तेव्हा भिवाजीला दिसलं की डाव्या पायाचं पुढचं मधलं बोटच नाही. उजवा ठसा नेहमीसारखा, डावा मात्र दोनच बोटांचा, बेचक्यासारखा. एकदा हे बघितल्यावर ते पाखरू हजारांत ओळखू आलं असतं.

शिमग्यानंतर पावणे निघाले ते भिवाजीने बांधावर बसून बघितलं. जुनी पाखरं सकाळी हलायचीच नाहीत. राजमाचीच्या कड्याला ऊन लागून तो चांगला तापेपर्यंत ती पंख साफ करत उभी राहायची. मग एकेक हळूच उठायचं, तापलेल्या कड्यासमोर पंख पसरून नुसतं गोल गोल फिरायचं आणि पंख न हलवताच वर वर जायचं. आभाळात ठिपका झालं की उत्तरेकडे घसरायचं. दोन बोटांचं मात्र उजाडल्याबरोबर पंख फडफडवत निघायचं, मोठ्या लगबगीने, आणि बारा वाजता जीभ बाहेर पडल्यासारखं परत येऊन पेंढ्याच्या उडवीवर बसायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा भिवाजी म्हणाला, "ह्यो आमचा गजा हाय."

गजा हा त्याचा पुतण्या. पंचविशीचा, भिवपुरीच्या वीजघरात कामाला, खाकी अर्धी विजार आणि स्वतःची सायकल. सगळ्या गोष्टी भल्या पहाटे आणि घाईने करायच्या असं त्याचं व्रत होतं. एकदा भागूबाईसाठी कर्जतहून औषध आणायला गेला तो गावातल्या कुणाहीपेक्षा लवकर परत आला, फक्त औषध आणायचं राहिलं. पाखराला आपलं नाव ठेवलं हे कळल्यावर तो काकाशी महिनाभर बोलला नाही. पण रविवारी सायकल बांधाला टेकवून ते पाखरू बघायला यायचा, हे भिवाजीने दोनदा पाहिलं होतं.

ते पाखरू शेवटी वैशाखात गेलं. सगळे गेल्यावर दीड महिन्याने, एका दुपारी, कड्यासमोर चुकून गोल फिरत फिरत.

मास्तरांनी भिवाजीला समजावलं की पाखराला वाट शिकावी लागत नाही, ती त्याच्या रक्तात असते. मासिकात तसं छापलं होतं.

"रक्तात हाय तर संक्रांतीला का आला?" भिवाजी म्हणाला.

"एखादं मागे पडतं, भिवाजी."

"पडतं ना? मंग म्होरल्या साली बगा. लिवून ठेवा मास्तर."

मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी शाळेच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने कोळशाने तारीख लिहिली.

पुढच्या दिवाळीला भिवाजी स्वतः खालापूरला गेला. दुसरा उपाय नव्हता. चुलतभाऊ म्हणून गजा होता, पण गजाला पाठवायचं म्हणजे सायकल पाठवायची. दिवाळी त्या वर्षी लवकर होती, ऊन कडक होतं, आणि भिवाजी दहा कोस चालून भर दुपारी चंद्राबाईच्या ओट्यावर बसला. भात चुलीवर होता. वेळ अगदी बरोबर साधली होती, पण आता तो मुराळी नव्हता, बाप होता. चंद्राबाईने स्वतः येऊन पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या त्याच्यासमोर ठेवला.

"घ्या इवायबुवा, लांबून आलाव."

"नको. तान नाय."

"बरं," असं म्हणून ती तिथेच तांदूळ निवडत बसली. तांब्या हलवला नाही. पितळेच्या तांब्याला बाहेरून घाम सुटला होता आणि एकेक थेंब ओघळत होता. भिवाजीची जीभ टाळ्याला चिकटली. म्हशीचं कौतुक करायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. न जेवता, न पिता, घसा कोरडा ठेवून माहेरचा प्रश्न विचारता येत नाही; त्या प्रश्नाला पोट भरलेलं लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. दाराच्या फटीतून सुंदराच्या बांगड्या वाजल्या, पण ती समोर आली नाही. तासाभराने तो उठला. चपला उन्हात काढल्या होत्या, म्हणून पाय भाजणार या तयारीने त्याने पाय घातले, तर चपला गार. ऊन फिरेल तशा कुणीतरी त्या सावलीत सरकवल्या होत्या. खोपोलीपर्यंत तो पाणी प्यायचंच विसरला.

घरी भागूबाईने करंज्यांचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच ठेवला, मग आळीतल्या पोरांना वाटून टाकला.

मार्गशीर्षात गजा आला, म्हणजे पाखरू. चिखलात दोन बोटांचा ठसा उमटला. गेल्या वर्षीपेक्षा दीड महिना आधी, अंगाने बरा, चोचीचं टोक तांबडं व्हायला लागलेलं. शिमग्यानंतर सकाळी एकदाच फडफडला, नऊ वाजता परत आला, मग जुन्यांच्या शेजारी मुकाट उभा राहिला आणि दुपारी त्यांच्या मागून वर चढला. मास्तरांनी कपाटाच्या दारावर दुसरी तारीख लिहिली आणि मासिक पुन्हा एकदा वाचून काढलं.

"पाखरू शिकतंय मास्तर," भिवाजी म्हणाला. "आता मानूस शिकतो का बगायचं."

पंचेचाळीसच्या दिवाळीआधी त्याने गजाला आठ दिवस शिकवलं. रोज संध्याकाळी, ओट्यावर, स्वतः चंद्राबाई होऊन. भात, म्हैस, सुपारी, मग दुसरीकडे बघणं, मग प्रश्न. गजाला सगळं तोंडपाठ झालं. भागूबाईने तिसऱ्यांदा करंज्या केल्या. आणि गजा पहाटे पाचला सायकलवर टांग टाकून निघाला. भिवाजी मागून ओरडला, "ऊन वर येऊ दे रं," पण सायकल तोवर वळणावर गेली होती.

अकरा वाजता गजा परत आला. घामाघूम आणि एकटा.

"किती येगात जाऊन आलो, काका."

"सुंदरा?"

मग सगळं बाहेर आलं. आठ वाजता पोचला तेव्हा चुलीवर चहाचं आधण होतं. त्याने म्हशीचं कौतुक केलं, तर म्हैस गेल्या पावसात विकली होती. सुपारी मागायची राहिली. मग शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं त्याने विचारून टाकलं, मावशी, तुमी म्हायेरी कवा गेला व्हता?

"मंग?"

"ती म्हनाली, एकवीस वर्सं झाली. म्होरं?"

"म्होरं काय?"

"त्येच. ती म्हनाली, म्होरं? आन माझ्याकडं बगत ऱ्हायली. काका, म्होरं काय बोलायचं असतं?"

"म्होरं काय नसतं," भिवाजी वैतागून म्हणाला. "म्होरं बाई रडते."

"ती नाय रडली," गजा म्हणाला.

त्या दिवशी भिवाजी पुतण्याला वाट्टेल ते बोलला. औषधाची गोष्ट काढली, सायकलीला शिव्या घातल्या, आणि शेवटी म्हणाला की तुझ्यापेक्षा ते पाखरू बरं. दिवाळीनंतर आठव्या दिवशी पाखरू आलंही, मास्तरांच्या तिसऱ्या तारखेसाठी, आणि त्यामुळे तो जास्तच पेटला. गजा मात्र उलटून बोलला नाही. त्याच्या डोक्यात ते "म्होरं?" अडकून बसलं होतं. गावात कुणी भेटलं की तो मधेच विचारायचा, "एकाद्या बाईनं म्होरं म्हनलं तर काय बोलावं?" लोकांना वाटलं, पोराचं लग्नाचं मनावर घ्यायला हवं.

भिवाजीचं खरं दुःख वेगळं होतं. तीन दिवाळ्या झाल्या. गावातल्या सगळ्या लेकी त्याने आणून दिल्या, आणि त्याच्या घरात बायको डबा भरत होती आणि रिकामा करत होती. लोक तोंडावर बोलत नसत, पण मुराळी म्हणून बोलावताना आता जरा थांबत. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला आपली विद्या कुठे अडते हे कळावं आणि ती नेमकी आपल्याच घरी अडावी, याचा त्याला फार त्रास झाला.

शेहेचाळीसची दिवाळी जवळ आली तेव्हा गजाने शिकवणी मागितली नाही. वसुबारसेच्या दिवशी ऊन चांगलं डोक्यावर आल्यावर, दहा वाजून गेल्यावर, तो सायकल ओट्यावर ठेवून चालत बाहेर पडला. वळला तोही खालापूरच्या वाटेला नाही, भिवपुरीच्या.

"कुटं चाललास?"

"येतो," गजा म्हणाला.

भिवाजीला हा सरळ अपमान वाटला. तो तणतणत शेतावर गेला. तिथे खाचरांत भात अजून उभं होतं, पण नदीकडच्या पाणथळ पट्ट्यात पहिले पावणे उतरले होते. सहा-सात जण. त्याने चिखल बघितला आणि बघतच राहिला. दोन बोटांचा ठसा. कळपाच्या मागून नाही, बरोबर नाही. पहिल्या तुकडीत, दिवाळीच्याही आधी, जाडजूड अंगाचा, चोच टोकापर्यंत लालभडक. भिवाजीने धावत जाऊन मास्तरांना आणलं. मास्तर धोतर सावरत चिखलात वाकले, ठसा नीट बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"संक्रांत, मार्गशीर्ष, दिवाळीनंतर, दिवाळीआधी," मास्तर म्हणाले. "भिवाजी, मासिकवाल्यांना पत्र लिहावं लागेल. दिशा रक्तात असेलही, पण वाट हा गडी स्वतःच सुधारत आलाय."

"पन शिकवलं कुनी?" भिवाजी म्हणाला.

"जुने पुढे होते. पण हा तर आता जुन्यांबरोबर, त्यांच्याही आधी आला. एवढं तर त्याला कुणी शिकवलं नसणार."

हे शेवटचं वाक्य भिवाजीला फारसं आवडलं नाही.

नरकचतुर्दशीला तिसऱ्या प्रहरी भागूबाई अंगण सारवत होती. तिने मान वर केली आणि हातातला शेणाचा गोळा तसाच खाली पडला. वाटेवरून गजा येत होता, डोक्यावर गाठोडं घेऊन, आणि त्याच्या मागून सुंदरा. मायलेकींनी जे केलं ते सगळ्या मायलेकी करतात, म्हणून ते सांगत बसत नाही. भिवाजी ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला आणि तोंडाने नुसतं "आली का, आली का" म्हणत राहिला.

मग सुंदराने करंजी खात खात सगळं सांगितलं. वीजघरात गजाबरोबर सहदेव नावाचा एकजण काम करतो, तिथल्याच जवळच्या गावचा. बोलता बोलता गजाला कळलं की सहदेवची एक आत्या खालापूरला दिली आहे. सहदेवचा बाप होता तोवर दर दिवाळीला तिला आणायचा. तो वारला तेव्हा सहदेव लहान होता; पुढे मोठा झाला, पण आत्याला आणायला जायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आत्याचं नाव चंद्राबाई.

"गजादादा बैलगाडी घेऊन आला," सुंदरा म्हणाली. "सोबत सहदेव. भात चुलीवर व्हता, बरूबर येळेला आले. दादा माज्याबद्दल येक सबूद बोलला नाय. नुसतं म्हनाला, मावशी, ह्यो तुमचा भाचा. तुमाला न्यायाला आलाय."

"मंग?" भिवाजीने विचारलं.

"मंग काय. आत्याबाई चुलीम्होरून उठल्याच नायत. भात करपला. तवा थोरली जाऊ आत गेली आन तिनं बगितलं, पदर वला व्हता." सुंदराने दुसरी करंजी घेतली. "मंग त्या उठल्या, पेटीतलं लुगडं काडलं, आन मलाच म्हनाल्या, तू काय बगतीस, तू पन चल, वाटंतच तर हाय तुजं गाव. चार दिसांनी दोगी संगं येऊ, भात कापाया. कर्जतच्या नाक्यावर आमी उतरलो, त्या सहदेवसंगं म्होरं गेल्या."

गजा ओट्याच्या कडेला बसून पायांतला काटा काढत होता.

"तुमाला निरोप दिलाय बाबा," सुंदरा म्हणाली. "म्हनाल्या, तुज्या बापाला सांग, बावीस वर्सांत म्हायेराचं इचारलं समद्यांनी. गाडी कुनी आनली नाय."

भिवाजी उठून शेताकडे गेला. पाणथळीत पावणे उभे होते. तो बांधावर बसून एकेक बाई आठवत राहिला. बत्तीस. चौकची, पळसदरीची, खोपोलीची, सगळ्यांना त्याने तोच प्रश्न विचारला होता, सगळ्यांचं उत्तर त्याने ऐकलं होतं, आणि त्या उत्तराशी आपल्याला काही कर्तव्य आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. सुपारी तोंडात टाकून तो उठत आला होता. गजाला ते "म्होरं?" ऐकू आलं, कारण गजाला युक्ती नीट येत नव्हती. भिवाजीला याची लाज वाटली, आणि लाजेबरोबर पुतण्याचा अभिमानही वाटला.

घरी आल्यावर त्याने गजाला फक्त एवढंच विचारलं, "पहाटं का नाय गेलास?"

"पाखरांकडं बगून," गजा म्हणाला. "ऊन तापू दिलं."

भाऊबीज झाली. सुंदरा चार दिवस राहून, डबाभर करंज्या घेऊन, सासूबरोबर त्याच गाडीने परत गेली. घर पुन्हा रिकामं झालं. भिवाजी सुपारी कातरत ओट्यावर बसला होता, भागूबाई आत भाकऱ्या थापत होती. त्याच्या तोंडून सवयीने, दुसरीकडे बघत, प्रश्न निघाला.

"काय गं, तू म्हायेरी कवा गेली व्हतीस?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"ही सासवांना इचारायची युक्ती ना तुमची?" भागूबाई म्हणाली. "माज्यावर कशापाई चालवताव?"

"युक्ती नाय. खरंच इचारतोय."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग ती म्हणाली, "सुंदरा पोटात व्हती तवा. मंग दादा वारला. मंग कोन आनायला येनार?"

सुंदरा एकोणीस वर्षांची होती. कोंडाण्याच्या प्रत्येक लेकीला आणणाऱ्या माणसाच्या बायकोला वीस वर्षांत कुणी आणायला आलं नव्हतं, आणि तो त्याच घरात जेवत होता. भिवाजीने कातरलेली सुपारी अंगणात टाकून दिली.

"उद्या निगायचं," तो म्हणाला.

"कुटं?"

"तुज्या म्हायेराला. नेरळाकडं."

"तिथं आता एकली वयनी हाय. आन तुमी कोन मुराळी? नवऱ्यानं बायकोला म्हायेरी न्यायाची कुटं रीत हाय का?"

"नसंल रीत," भिवाजी म्हणाला. "ऊन वर आलं की निगू. भात चुलीवर असताना पोचाया होवं."

"वयनी भात कवा चडवते ते मला नका शिकवू," भागूबाई म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली, पण आता जरा जोराने.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. कर्जतपर्यंत भिवाजी पुढे होता. कर्जतच्या पुढे दोन वाटा फुटल्या तिथे तो उजवीकडे वळला, कारण मुराळ्यांची वाट तीच. मागून पावलांचा आवाज येईना म्हणून त्याने वळून बघितलं. भागूबाई डाव्या पायवाटेला लागली होती, आणि गाठोडं काखेला मारून झपाझप चालत होती. ही वाट त्याला माहीत नव्हती. तीस वर्षांत कधी दिसलीही नव्हती.

"आगं, तुला आटवती का वाट?" त्याने ओरडून विचारलं. "वीस वर्सं झाली."

"रोज जाते मी हितून," ती मागे न बघता म्हणाली.

भिवाजी मुकाट तिच्या मागून चालू लागला.